भरीत पार्टीनंतरचा वजनकाटा

काल दुपारी ८३.४, आज सकाळी ८४.६. काटा बाजूला सरकवला, फरशीवर नीट टेकवला, पुन्हा चढलो. तेच.

दोष द्यायचा तर कालच्या भरीत पार्टीला. मित्राच्या शेतात तूरकाठ्यांवर वांगी भाजली, हिरवी मिरची-लसूण घालून ठेचली, वरून कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याच्या पुऱ्या. जळगावात थंडी पडल्यावर याला नाही म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नाही. चार पुऱ्या खाल्ल्या. (सहा.)

तोंड पाडून बसलो तर आई म्हणाली, "काय व्हयनं रे?" आकडा सांगितला. तिने चहा पुढे केला, बिनसाखरेचा. म्हणजे माउलीने पथ्य मोडू दिलं नाही!

मग हिशोब केला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. सव्वा किलो चढायला नऊ हजारांवर कॅलरी जास्तीच्या लागतील. एवढं तर लग्नाच्या पंगतीतही जात नाही. म्हणजे हे बहुतेक मिठाने धरलेलं पाणी, आणि पोटात अजून मुक्काम ठोकून असलेलं भरीत. शिवाय दुपारचं आणि सकाळचं वजन एकमेकांशी ताडायचंच कशाला?

आता रोज सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं, वहीत लिहायचं आणि रविवारी सातही आकड्यांची सरासरी काढायची. दोन महिन्यांपूर्वी ८८ होतो, ते पान उघडून पाहिलं तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

आजचा ८४.६ पण लिहिला. शेजारी कंसात 'भरीत'. आणि मेहरूण तलावावर एक फेरी जास्तीची मारून आलो. परतीच्या वाटेवर शेवभाजीचा वास आला, पण थांबलो नाही.