गाव:पारोया

माझ्या आत्याकडे खानदेशातल्या अहिराणी गाण्यांची सतराशेच्या वर रेकॉर्डिंग आहेत. कानबाई देवीच्या जागरणाची, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोक्यावर म्हणायची, हळदीची, जात्यावरची. जुनी कॅसेटवर होती, अलीकडची मोबाइलवर. गेल्या दिवाळीत अमळनेरला गेलो तेव्हा सगळी एका हार्ड डिस्कवर आणली. निम्म्या फायलींची नावं ‘आवाज ००१’, ‘आवाज ००१ कॉपी’ अशी. गाणाऱ्या बायांपैकी कितीतरी आता नाहीत. फाइल आहे पण हाती लागत नाही, तर ते गाणं गेल्यातच जमा.

माहिती भरायला दोन महिने गेले. रोज रात्री मी पुण्याहून फोनवर फाइल वाजवायचो आणि दुसऱ्या ओळीला आत्या बाई, गाव, सण सांगून मोकळी व्हायची. मग शोधायचं पान केलं. पहिल्यांदा पाच रकाने, प्रत्येकाला यादी. आत्यानं दोन दिवस वापरलं आणि ठेवून दिलं. तिच्या डोक्यात प्रश्न एका दमात येतो: ‘कानबाईचं, पारोळ्याचं, पण लॉकडाउनच्या आधीचं.’ तो तसाच एका ओळीत लिहिता आला पाहिजे, हे मला तेव्हा पटलं.

म्हणून शोध लिहायची छोटीशी रीत ठरवली. रकान्याचं नाव, कोलन, मग हवं ते: सण:कानबाई गाव:पारोळा साल:२०१२-२०१९. मध्ये मोकळी जागा म्हणजे ‘आणि’. स्वल्पविराम म्हणजे ‘किंवा’, तोही एकाच रकान्यात: गाव:पारोळा,एरंडोल. शब्दाच्या सुरुवातीला उणे चिन्ह म्हणजे ‘हे नको’. दोन शब्दांचं नाव अवतरणात: गाव:"पिंपळगाव हरेश्वर". कंस मी मुद्दाम ठेवले नाहीत. कंस आले की कुठला आधी, कुठला नंतर हे वापरणाऱ्यानं लक्षात ठेवायचं, आणि आमच्या कामात त्यांची गरज एकदाही पडलेली नाही. रकान्यांची नावंही बदलली. मी ‘गायिका’ लिहिलं होतं. आत्या विचारते ‘कोण?’, म्हणून रकाना झाला ‘कोण’.

पहिल्याच दिवशी तिनं लिहिलं ‘गावः पारोळा’ आणि काहीच आलं नाही. ओळ डोळ्यांना बरोबर दिसत होती. मी अर्धा तास कोड चाळला, मग ती अक्षरं एकेक करून छापली. कोलनच्या जागी विसर्ग होता. फोनच्या मराठी कीबोर्डवर विसर्ग हाताशी असतो, कोलनसाठी चिन्हांच्या पानावर जावं लागतं. दिसायला दोन्ही दोन टिंबं. पण यंत्र प्रत्येक अक्षर क्रमांकानं ओळखतं, आणि युनिकोड या क्रमांकांच्या यादीत कोलनचा क्रमांक ५८, विसर्गाचा २३०७. तिची यात काहीच चूक नव्हती. शिवाय कोलननंतर जागा सोडणं हे तर मराठी लिहिणाऱ्याच्या हाताचं वळणच आहे.

उलटी अडचण त्याहून वाईट. पुष्कळ लोक ‘दुःख’ हा शब्द कोलन घालून ‘दु:ख’ असा लिहितात. माझ्या प्रोग्रामनं त्याचा अर्थ लावला: ‘दु’ नावाच्या रकान्यात ‘ख’ शोध. सासुरवासाच्या ओव्या शोधणाऱ्या बाईला हा शब्द लागणारच. म्हणून नियम बदलला. टिंबांच्या डावीकडे ओळखीच्या रकान्याचं नाव असेल तरच तो रकाना, मग टिंबं कोलनची असोत की विसर्गाची. नाहीतर सगळा साधा शब्द. फोन आपणहून वाकडी अवतरणं घालतो, तीही चालतात. आकडे मराठी असोत वा इंग्रजी, आत एकच होतात. ‘ऱ’ दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो, एकसंध किंवा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब. म्हणून शोध आणि माहिती दोन्ही आधी एकाच रूपात आणून घेतो.

राहिला ळ. आमच्याकडे बोलताना ळचा य होतो: डोळा डोया, शाळा शाया, पारोळा पारोया. आत्या गाणं जसं ऐकलं तसंच उतरवते आणि तसंच शोधते, आणि ते मला योग्यच वाटतं. पण सरसकट ळ म्हणजे य धरला तर ‘काळा’ आणि ‘काया’ एक होतात. म्हणून गावांची वेगळी यादी केली. त्यात पारोया पारोळ्याला जोडलंय, एदलाबाद मुक्ताईनगरला, धुये आणि धुळं धुळ्याला. ‘धुळ्याची’सारखी रूपंही त्यातच. गाण्याच्या ओळींत मात्र लिहिलेलं रूप आधी येतं, दुसरं त्याच्याखाली.

इतकी मोकळीक दिली की एक धोका असतो: यंत्र मनानं काहीतरी समजून घेतं आणि माणसाला कळत नाही. म्हणून शोधाच्या चौकटीखाली एक ओळ येते: ‘गाव पारोळा, सण कानबाई, साल २०१२ ते २०१९.’ आपलं म्हणणं कसं पोचलं ते निकालाआधीच दिसतं. चुकलं असेल तर आत्या लगेच दुरुस्त करते. सगळ्या खटाटोपात ही एक ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते.

परवा आत्यानं लिहिलं: कोण:आई सण:आखाजी. खाली ओळ आली, ‘कोण आई, सण आखाजी’, आणि एकही फाइल नाही. फोन आला, ‘हाई काय शे रे, बापू?’ आजीची गाणी तिच्या पाळण्यातल्या नावानं भरलेली होती. आत्यानंच तसं सांगितलं होतं. मी त्याच रात्री त्या नावापुढे ‘आई’ जोडलं. आता तीन फायली येतात. दुसरीत झोक्याच्या कड्यांची करकर गाण्याच्या वर चढते, आणि मध्येच आजी कुणाला तरी म्हणते, हळू.