मालक असले की अडकतंय

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानातला कॉम्प्युटर मी महिन्याभरात तीनदा 'दुरुस्त' करून दिला आणि तिन्ही वेळा दोष जिथल्या तिथं राहिला. या कामात मला 14 वर्षं झाली. पण संक्रांत आली तरी हे प्रकरण डोक्यातून जात नाही.

दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताचे सौदे होऊन सीझन नुकता सुरू झाला होता. तक्रार एका ओळीची: सकाळी बटण दाबलं की मदरबोर्डच्या कंपनीचा लोगो येतो आणि तिथंच अडकतं. विंडोजचे फिरणारे ठिपकेही येत नाहीत. अशा वेळी मी आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबतो. दिवा लागला-विझला तर मशीन अजून ऐकतंय. इथं दिवा लागलाच नाही. बाहेर पहाटेच गुऱ्हाळावरून गुळाचे रवे घेऊन आलेले शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी, ताटकळले होते आणि पट्टी निघते ती याच मशीनवर.

मी सगळ्या वायरी काढल्या आणि कॅबिनेट उघडलं. गुळाच्या दुकानातलं कॅबिनेट आतून कसं असतं हे पाहिल्याशिवाय कळायचं नाही. गुळाची बारीक भुकटी दमट हवेत विरघळते आणि फॅनच्या पात्यांवर तपकिरी थर धरते. त्यावर मुंग्यांची रांग, थेट एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाळीतून आत. ही धूळ ब्लोअरनं उडत नाही, आणखी आत जाऊन बसते. त्यामुळे ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकेक पातं पुसावं लागतं. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासल्या. दीड तास गेला. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस तेवढे जोडून बटण दाबलं, झटक्यात चालू! खापर मुंग्यांवर फोडून मी निघालो.

चार दिवसांनी फोन. "परत तसंच व्हायलंय बघा."

या वेळी मशीन राजारामपुरीत माझ्या दुकानी आणलं. दोन दिवसांत 40 वेळा बंद-चालू केलं, एकदाही अडकलं नाही. रात्रभर रॅम तपासणारी मेमटेस्ट लावली, एक एरर नाही. मल्टिमीटर लावला तर 12 व्होल्टच्या पिवळ्या वायरीवर 11.62 आले. नियमानं 11.40 ते 12.60 चालतं, म्हणजे हा आकडा बसत होता. तरी मी एसएमपीएस बदलला. बोर्डावरचा सेलही बदलला, त्यामुळे बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामची, सेटिंग मूळ पदावर गेली आणि मी सवयीनं बूटच्या क्रमात, म्हणजे मशीन आधी कुठून सुरू व्हायचं त्या यादीत, यूएसबी पुन्हा पहिल्या नंबरावर ठेवलं, विंडोज टाकायला सोपं जातं म्हणून. "पार्ट बदलून बघू" हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात वाईट वाक्य आहे. गिऱ्हाईक आपल्या शब्दावर पैसे देतं आणि आपण अंदाज करत असतो.

आठवड्यानं पुन्हा तेच. मग हार्ड डिस्कवर संशय. डिस्क जुनी होती, पण तपासणीत एकही खराब सेक्टर दिसला नव्हता. तरी तिच्या जागी एसएसडी ही नव्या प्रकारची डिस्क बसवली, सगळा डेटा उतरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत मी स्वतः दुकानात हजर. मालकांनी उदबत्ती लावली, बटण दाबलं. लोगो आला आणि थांबला.

मालक रागावले नाहीत. "बघा की परत," एवढंच म्हणाले. ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

गादीवर बसलेल्या दिवाणजींनी तेव्हा रोजची वही माझ्यापुढं सरकवली. साठी ओलांडलेला माणूस, अक्षर छापल्यासारखं. समासात वेळेसकट नोंदी: 'मशीन अडकले, 9.10.' अशा 11. त्याच वहीत मालक उचलीच्या वसुलीला कधी कागलकडं, कधी पन्हाळ्याकडं गेल्याचीही नोंद. त्यातल्या एकाही दिवशी मशीन अडकलेलं नाही.

"मालक असले की अडकतंय, नसले की चालतंय. पहिल्याच दिवशी सांगणार हुतो, पण तुम्ही पेटी उघडून बसला हुता."

मी मालकांना विचारलं, सकाळी आल्यावर काय काय करता? "काय न्हाई. देवाला दिवा, मग हे लावतो," म्हणत त्यांनी कॅबिनेटच्या मागं बोट दाखवलं. पेन ड्राइव्ह. "तुम्हीच सांगितलंयसा न्हवं, बॅकअप रोज घरी न्यायचा."

मीच सांगितलं होतं. जुलै 2021 च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरलेल्या दुकानांतून मी चिखलानं भरलेली कॅबिनेटं बाहेर काढली आहेत. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, हिशेब दुकानात एकटा ठेवू नका. तो पेन ड्राइव्हही मीच दिलेला.

तो काढून मशीन चालू केलं आणि बायोसमध्ये जाऊन पूर्ण स्क्रीनचा लोगो बंद केला, म्हणजे त्यामागं झाकलेल्या ओळी दिसतात. पेन ड्राइव्ह लावून परत चालू केलं. यूएसबी कंट्रोलर सुरू करतोय अशी ओळ आली आणि पुढं हलेना. ड्राइव्ह काढून चालू केलं, सरळ विंडोज. तीनदा लावून पाहिला, तीनदा काढून पाहिला.

मशीन सुरू होताना बायोस प्रत्येक यूएसबीला विचारतं, तू कोण, तुझी जागा किती, तुझा पहिला सेक्टर दे. मरायला टेकलेला पेन ड्राइव्ह 'मी आहे' एवढं सांगतो आणि पुढचं उत्तर देत नाही. काही बायोस त्याची वाट बघतच बसतात. विंडोज चालू असताना तो लावला तर जरा उशिरा का होईना, दिसतो, म्हणून कुणाला संशय आला नाही. माझ्या टेबलावर तो कधी आलाच नाही, म्हणून 40 वेळा मशीन चाललं. बूटचा क्रम बदलून बघायच्या भानगडीत मी पडलो नाही. असा ड्राइव्ह फेकायचाच असतो.

फेकण्याआधी माझ्या लॅपटॉपला लावला. फोल्डर उघडायलाच काही मिनिटं गेली. गणपतीनंतरच्या फायली नावाला दिसत होत्या, एकही उघडेना. मालक दोन महिने रोज संध्याकाळी खिशात घालून घरी नेत होते, ते काहीच नव्हतं. त्यात मी जुनी डिस्क काढून टाकायला निघालो होतो. उतरवताना एखादी चूक झाली असती तर सीझनच्या तोंडावर शेतकऱ्यांच्या उचलीचा सगळा हिशेब गेला असता.

त्याच दुपारी दोन नवे ड्राइव्ह आणले. बॅकअप घेतला, माझ्या लॅपटॉपवर उघडला आणि आदल्या दिवशीच्या पट्ट्यांची बेरीज दिवाणजींना वाचून दाखवली. त्यांनी वहीवर बोट ठेवून आकडा ताडला, मान हलवली.

एसएमपीएसचे पैसे मी परत दिले. एसएसडीचे घ्यायला मालक तयार झाले नाहीत, मशीन आता पळतंय म्हणाले. त्यांचा जुना एसएमपीएस मी टेबलावरच्या टेस्टिंगच्या मशीनला लावलाय. आजही 11.62 दाखवतो.