सोळाचे बत्तीस करताना

गणपतीत घरचा डेस्कटॉप जोडून घेतला तेव्हा रॅम सोळाच जीबी घेतली होती, आठ-आठच्या दोन स्टिक, म्हणजे पट्ट्या. प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन ५ ७६००, मदरबोर्ड बी६५०, त्यावरच्या रॅमच्या चार स्लॉटपैकी दोन रिकामे. लागली तर पुढे वाढवू, असा हिशोब. लेक आर्किटेक्चरला आहे. सबमिशन जवळ आलं की इमारतींच्या डिझाइनचं रेव्हिट, फोटोशॉप आणि ब्राउझरचे ढीगभर टॅब एकदम उघडे, आणि माउस जागच्या जागी अडखळणार.

खर्चाआधी टास्क मॅनेजर बघितला. तिथे बहुतेकजण 'इन यूज'चा आकडा बघतात. मी 'कमिटेड' बघितला. तो २३ जीबीवर होता, म्हणजे प्रोग्रॅमांनी मागितलेली जागा मशीनमधल्या रॅमपेक्षा बरीच जास्त. उरलेला भार विंडोज एसएसडीवरच्या पेजफाइलवर, म्हणजे रॅमला पर्याय म्हणून राखलेल्या जागेवर, टाकत होतं. त्यात या प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही रॅममधूनच आपला वाटा घेतं. रॅम वाढवणं भागच होतं.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर आता डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी कॉम्प्युटर घ्यायला जाणारा माणूस लॅमिंग्टनलाच जातो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, सेम कंपनीच्या अजून दोन टाका, विषय संपला."

विषय तिथेच सुरू होतो. एएमडीच्या माहितीत या प्रोसेसरसाठी दोन स्टिकना सेकंदाला ५२०० दशलक्ष ट्रान्सफरचा वेग दिलाय, पण चारही स्लॉट भरले की ३६००. एका चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या एकाच वाटेवर, दोन स्टिक लटकल्या की सिग्नल स्वच्छ ठेवणं कठीण होतं, आणि डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमच्या वेगाला ते जास्तच जाणवतं. मोबाइलवर ते पान काढून दाखवलं. "चालतं हो काका, कितीतरी लोकांना दिलंय," हे उत्तर आलं. चालतही असेल. काही बोर्डांवर चार स्टिक याहून जोरात पळतात, पण त्याची हमी कंपनी देत नाही आणि दुकानदारही बिलावर लिहून देत नाही. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन जोड्यांवर तर एकाच मॉडेल नंबरखाली आत निराळ्या चिप्स निघू शकतात. म्हणून मी जुन्या जोडीच्या जागी सोळा-सोळाची एकच जोडी मागितली, एका पाकिटातली, ६००० ची, एक्स्पोवाली, म्हणजे जास्त वेगाची तयार सेटिंग असलेली. २०२५ च्या अखेरीला एआयच्या सर्व्हरांनी मेमरीचा बाजार पार तापवून ठेवला होता. गणपतीतल्या भावाशी ताडून बघायचं नाही, एवढं स्वतःला बजावून पैसे दिले.

बसवणं सोपं. मागचं बटण बंद, वायर काढली, मग पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून उरलासुरला करंट जाऊ दिला. कॅबिनेट फरशीवर आडवं केलं आणि आतल्या उघड्या पत्र्याला हात लावला, अंगावरची स्टॅटिक उतरावी म्हणून. माझ्या बोर्डवर स्लॉटच्या एकाच टोकाला क्लिप आहे, दुसरं टोक पक्कं. जुन्या स्टिक काढल्या. प्रोसेसरपासून मोजलं तर दुसरा आणि चौथा स्लॉट भरायचा, शेजारचे दोन नाहीत. स्टिकची खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून दाबलं. बोर्ड किंचित वाकतं, जीव घाबरतो, आणि मग 'कट्' आवाज येऊन क्लिप आपणहून बसते. आवाज आला नाही तर स्टिक बसलेली नाही.

खरी परीक्षा पुढे. चालू केलं तर पंखे फिरतायत, स्क्रीन काळी, बोर्डवरचा डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, दिवा पेटलेला. "अहो, बिघडलं का?" स्वयंपाकघरातून विचारणा. बिघडलं नव्हतं. नवीन स्टिक दिसल्या की एएम५ चं, म्हणजे या प्रोसेसरच्या सॉकेटचं, बोर्ड त्यांच्याशी सिग्नलची वेळ जुळवत बसतं, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि त्यात काही मिनिटं सहज जातात. लोक इथेच धीर सोडून बटण दाबतात आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मी दिव्याकडे बघत बसून राहिलो. आला एकदाचा लोगो.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, ३२ जीबी दिसली, पण वेग ४८००. पाकिटावरचे ६००० आपोआप मिळत नाहीत, एक्स्पो चालू करावं लागतं. तेव्हा व्होल्टेज १.१ वरून १.३५ वर जातं. एएमडीच्या लेखी हे ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, त्यामुळे मी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम रात्रभर लावून ठेवला. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात, सकाळी एररच्या रकान्यात शून्य होतं. एक जरी एरर आली असती तरी मी एक्स्पो बंद करून ४८०० वर समाधान मानलं असतं. लेकीच्या फायली खराब होण्यापेक्षा ते परवडलं.

आता रेव्हिट आणि फोटोशॉप एकत्र उघडे असले तरी माउस मोकळा फिरतो. रेंडरला, म्हणजे डिझाइनचं खरं वाटणारं चित्र तयार व्हायला, मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो, ते काम प्रोसेसरचं.

जुनी जोडी भाच्याने मागितली होती. त्याचं बोर्ड डीडीआर४ चं, म्हणजे आधीच्या पिढीच्या रॅमचं. पिना दोन्हीत २८८ च असल्या तरी खाचेची जागा निराळी, स्टिक आत जाणारच नाही. दुकानात विकायचं म्हटलं तर नव्याचा भाव चढलेला असूनही जुन्याचा भाव ऐकवला तो असा, की बिलासकट परत घेऊन आलो.