सॉफ्ट कोरलची छोटी टाकी: हिशेब पाण्यापासून मांडावा

सागरी मत्स्यालय म्हटले की आधी खर्चाचा आकडा डोळ्यांसमोर येतो, आणि टाकीत कडक प्रवाळ ठेवायचे असतील तर ही भीती रास्तच असते. हे प्रवाळ आपला चुनखडीचा सांगाडा बांधण्यासाठी पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत उचलत राहतात, आणि ती तूट भरून काढायची म्हणजे रसायने थेंबाथेंबाने सोडणारे डोसिंग पंप, ती रसायने, तीव्र प्रकाशाचे दिवे आणि वरचेवर चाचण्या असा सगळा पसारा मागे लागतो. सॉफ्ट कोरलला, म्हणजे मऊ प्रवाळाला, असा सांगाडा नसतो. त्याच्या अंगात स्क्लेराइट नावाच्या चुन्याच्या बारीक काड्या तेवढ्या असतात आणि त्यांना लागणारे कॅल्शियम आठवड्याच्या पाणीबदलातून सहज मिळते. कमी खर्चाची टाकी शक्य होते ती या एका कारणामुळे. स्वस्तातली उपकरणे शोधल्यामुळे नव्हे. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये अशी एक टाकी बसवायचे ठरले आहे, आणि खरेदीला बाहेर पडण्यापूर्वी कागदावर जे मांडले ते इथे लिहीत आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहणे आवश्यक आहे, कारण दुकानात तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सी-फॅन (पंख्यासारखे पसरणारे प्रवाळ) यांचा समावेश झाला. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली असल्यामुळे खरेदीपूर्वी आजची यादी स्वतः वाचून घ्यावी, हे उत्तम. संरक्षण केवळ जिवंत प्राण्याला नसते, त्याच्या मेलेल्या सांगाड्यालाही असते. त्यामुळे 'लाइव्ह रॉक' म्हणून विकले जाणारे प्रवाळाचे तुकडे माझ्या आराखड्यातून पहिल्याच फेरीत बाद झाले. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, तेव्हा तिथल्या सहलीत आठवण म्हणून पिशवीत टाकलेला पांढरा तुकडाही टाकीत नको आणि घरातही नको. खडक म्हणून सच्छिद्र सिरॅमिकचे पाच-सहा किलो तुकडे पुरेसे आहेत. जिवाणूंना वस्तीसाठी छिद्रे हवी असतात, प्रवाळाचाच दगड हवा असे काही नाही.

टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३५ उंच अशी करून घ्यायची आहे. कागदावर तिच्यात ६३ लिटर पाणी मावते. वरची मोकळी जागा आणि खडक वजा जाता प्रत्यक्षात ५० लिटरच्या आसपास राहील. यापेक्षा लहान टाकी स्वस्त पडेल असे वाटते खरे, पण पाणी जितके कमी तितके त्याचे तापमान आणि खारटपणा लवकर ढळतात, आणि ते सावरण्यासाठी नंतर पैसे मोजावे लागतात. भरलेल्या टाकीचे वजन ७५ ते ८० किलोंच्या घरात जाते, म्हणून स्टँड पातळीत हवा आणि त्याखाली भिंतीलगतची जागा हवी. टाकी व स्टँडसाठी ४,००० रुपये, दिव्यासाठी ५,०००, मागे टांगायचा फिल्टर आणि पाणी हलते ठेवणारा वेव्हमेकर मिळून ३,०००, खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर व चाचणीसंचासाठी ३,०००, आणि उरलेले मीठ, पाणी व पंख्यांसाठी, असे मी २०,००० रुपयांच्या आत बसवले आहे. यात प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण फेसातून काढणारे यंत्र, नाही. इतक्या लहान टाकीत, मासे मोजकेच असताना, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले की तेच काम होते.

आता पाणी, कारण माझ्या मते पैसा आणि लक्ष दोन्ही इथेच घालायला हवे. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्लोरीन, नायट्रेट, फॉस्फेट आणि काय काय असते, त्यामुळे आरओचे पाणीच वापरावे लागते. मात्र स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राच्या तोटीखाली बादली ठेवून भागत नाही. चवीसाठी ही यंत्रे शुद्ध झालेल्या पाण्यात थोडे मूळ पाणी किंवा खनिजे परत मिसळतात, आणि म्हणून तोटीतल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ७०-८० किंवा त्याहूनही जास्त दिसतो. त्याहून मोठा धोका अलीकडे कौतुकाने विकल्या जाणाऱ्या तांब्याच्या काडतुसाचा, म्हणजे पाण्यात तांबे सोडणाऱ्या फिल्टरच्या नळकांड्याचा आहे. माणसाला ज्या मात्रेने काही होत नाही, तेवढे तांबे प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगाई यांना मारायला पुरते. त्यामुळे तंत्रज्ञाकडून मेम्ब्रेननंतर (पाणी गाळणाऱ्या पडद्यानंतर) लगेच, खनिजांच्या आणि तांब्याच्या काडतुसांच्या आधी, एक वेगळी नळी काढून घ्यायची आणि तिच्यापुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचे छोटे काडतूस लावायचे, म्हणजे टीडीएस शून्याच्या जवळ येतो. हा खर्च माशांवरच्या खर्चापेक्षा आधीचा आहे.

मिठाबद्दल घरात हमखास दोन प्रश्न निघतात. एक म्हणजे समुद्राचेच पाणी का आणू नये; आणि दुसरा, मिठागराचे जाडे मीठ का चालणार नाही. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी असते, पावसाळ्यात नद्यांच्या पाण्याने त्याचा खारटपणाही उतरतो, शिवाय घाट चढून कॅन वाहण्याचा खटाटोप वेगळाच. मिठागराची गोष्ट मात्र समजून घेण्यासारखी आहे. खाजणातले पाणी आटत जाते तसे त्यातले कॅल्शियम जिप्समच्या रूपाने आधीच खाली बसते, मग मीठ जमते, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडवट पाण्यात राहून जाते. म्हणजे आपल्या हाती येते ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्रातले बाकीचे घटक मिठागरातच मागे राहिलेले असतात. म्हणून मत्स्यालयासाठी बनवलेले सागरी मीठच घ्यावे लागते. एका लिटरला साधारण ३७ ग्रॅम या हिशेबाने पहिल्या भरणीला दोन किलोंच्या आत आणि आठवड्याच्या पाच लिटर बदलाला वर्षभरात सुमारे दहा किलो मीठ लागेल. विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेतली घनता) १.०२५ ते १.०२६ ठेवायचे, आणि रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर न जुळवता दर हजारी ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणावर जुळवायचा, कारण आपल्याला अचूकपणा हवा तो त्या टोकाला.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. टाकीचे पाणी २४ ते २७ अंशांत राहावे असे पुस्तकी उत्तर आहे, आणि एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. पाणी गार करणारा चिलर घ्यायचा तर तो एकटाच माझ्या सगळ्या अंदाजपत्रकाएवढा किंवा जास्त होतो, म्हणून तो नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडणारे दोन छोटे पंखे बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरवतात; पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चालतो, मुंबईच्या दमट हवेत तो पुष्कळच लंगडा पडतो, तेव्हा तिकडच्या वाचकांनी एसीच्या खोलीचाच विचार करावा. २८ अंशांपर्यंत बहुतेक सॉफ्ट कोरल सोसतात. त्यावर तापमान रेंगाळले तर पाण्यातला प्राणवायू घटतो आणि प्रवाळाच्या पेशींत राहणारी, त्याला अन्न पुरवणारी शैवाले निघून जाऊन ते पांढरे पडू लागते. पंख्याचा दुसरा परिणाम असा की पाणी उडते आणि मीठ मागेच राहते. तीन लिटर पाणी उडून गेले आणि कोणी लक्ष दिले नाही, तर दर हजारी ३५ भागांचा खारटपणा ३७ च्या वर जातो. म्हणून रोजची भर नेहमी बिनमिठाच्या आरओ पाण्याने करायची. हिवाळ्यात रात्री खोली गार पडते, तेव्हासाठी ५० वॅटचा हीटर पुरे. वीज गेली तर पाणी हलते राहावे म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे. दिवा तासभर बंद राहिल्याने काही बिघडत नाही, पाण्याची हालचाल थांबणे मात्र बाधते.

दिव्याविषयी थोडक्यात सांगता येईल. निळ्या-पांढऱ्या एलईडीचा साधारण ३० वॅटचा, तीव्रता कमी-जास्त करता येणारा दिवा आठ तास लावला की या प्रवाळांचे भागते. पंप आणि पंखे धरून महिन्याला २० युनिटच्या आसपास वीज जाईल असा माझा हिशेब आहे.

खडक आणि खारे पाणी टाकीत गेल्यावर चार ते सहा आठवडे काहीच विकत घ्यायचे नाही. माशांच्या मलातून व उरलेल्या खाण्यातून येणाऱ्या घातक अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू वसेपर्यंत अमोनियाचे थेंब घालायचे आणि मोजत राहायचे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकले की पहिला प्रवाळ आणायचा. तो मश्रूम नावाचा प्रवाळ असावा असे मी ठरवले आहे, कारण कमी प्रकाश आणि थोडे मळके पाणी त्याला मानवते. पाणी अतिस्वच्छ करण्याच्या नादाला लागू नये. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) असलेलेच बरे.

त्यानंतर टोडस्टूल लेदर, म्हणजे सार्कोफायटन हा सॉफ्ट कोरल. छत्रीसारखा पसरट माथा आणि त्यावर बारीक पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे फुलासारखे एकेक जीव. जवळून पाहिले तर प्रत्येक पॉलिपला आठच शुंडके दिसतात आणि त्यांच्या दोन्ही कडांना पिसासारख्या झालरी असतात. खऱ्या सॉफ्ट कोरलची ही खूण मश्रूम किंवा झोअँथिड (झुबक्याने वाढणारे फुलासारखे प्राणी) यांच्यात सापडत नाही, जरी बाजारात सगळे एकाच नावाने विकले जातात. हा लेदर मधूनच काही दिवस मिटून राहतो, त्याच्या माथ्यावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो, आणि तो गळून पडल्यावर पॉलिप पुन्हा फुलतात. या दिवसांत औषधे ओतण्याची घाई करू नये, जवळून प्रवाह जरा वाढवावा. लेदर आपल्या शेजाऱ्यांना रोखण्यासाठी पाण्यात टर्पिनॉइड वर्गातली रसायने सोडतात, त्यामुळे लहान टाकीत सक्रिय कोळशाची पिशवी फिल्टरमध्ये ठेवून ती महिन्याला बदलावी लागते. पॉलिपांची उघडझाप करणारे झेनिया हे सॉफ्ट कोरल मोह पाडते, पण ते आणि ग्रीन स्टार पॉलिप हे दुसरे भराभर पसरणारे प्रवाळ एकदा मुख्य खडकावर चढले की बाकीच्यांना जागा उरत नाही. म्हणून ग्रीन स्टार यादीत नाही आणि झेनिया वाळूत वेगळ्या ठेवलेल्या एकट्या दगडावर राहील.

झोअँथिड मी शेवटी आणि हातमोजे घालूनच आणणार आहे. त्यांच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. असा दगड कधीही उकळू नये, गरम पाण्याखाली धरू नये किंवा कोरडा घासू नये, कारण वाफेतून ते श्वासात जाऊन घरातली माणसे रुग्णालयात पोहोचल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. लहान मुले असलेल्या घरांत झोअँथिड वगळले तरी टाकीची शोभा कमी होत नाही.

प्रवाळ घेताना समुद्रातून काढलेल्यापेक्षा कोणाच्या तरी टाकीत वाढलेले छोटे तुकडे घ्यावेत. ते स्वस्त असतात, टाकीतल्या जगण्याला सरावलेले असतात आणि समुद्राला त्यांचा भार नसतो. माशांचेही तसेच. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशचे प्रजनन आपल्याकडे फार पूर्वीच साधले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेली जोडी घेण्याचे काही कारण नाही. आमच्या टाकीत क्लाउनफिशची एक जोडी आणि काही गोगलगाई एवढेच राहतील.

राहिला प्रश्न गणपतीत कोकणात जाण्याचा. स्वयंचलित भरणी यंत्र घ्यायचे नसल्याने काचेच्या बाहेरून पाण्याच्या पातळीवर पट्टी चिकटवायची, आरओ पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायच्या, आणि शेजारच्या काकांना पट्टीपर्यंत पाणी ओतायला सांगायचे. माशांचे खाणे एकेका दिवसाच्या पुड्यांत बांधून द्यायचे आणि खाण्याचा डबा आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवायचा, कारण माया म्हणून टाकलेल्या चिमूटभर जास्त खाण्याने आठवड्याभरात अमोनिया वर चढतो.