पाच वॅटवाल्यांची जत्रा

मे महिना जवळ आला की आमच्या घरी ठरलेला वाद सुरू होतो. हिचं म्हणणं, मे म्हणजे भारत, हापूस आणि लग्नं. माझं म्हणणं, मे म्हणजे डेटन. तोडगाही ठरलेला असतो. तिकिटं जूनची काढायची, आंबे मिळाले तर मिळाले, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी डेट्रॉइटहून आय-७५ धरून साडेतीन तास खाली ओहायोत जायचं.

डेटन म्हटलं की लोकांना राइट बंधू आठवतात. हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे परवाना काढून घरच्या सेटवरून दूरच्यांशी बोलणाऱ्या ‘हॅम’ मंडळींना, हॅमव्हेन्शन आठवतं. १९५२पासून भरणारा हा मेळा आता तीस हजारांवर माणसं ओढतो. पण मी जातो तो त्याच्या आसऱ्याने भरणाऱ्या एका छोट्या जत्रेसाठी. ‘क्यूआरपी अमॅच्युअर रेडिओ क्लब इंटरनॅशनल’ ही मंडळी १९९६पासून त्याच आठवड्यात ‘फोर डेज इन मे’ नावाचं आपलं वेगळं संमेलन भरवतात. क्यूआरपी म्हणजे कमी ताकदीवर चालणारं प्रक्षेपण. मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या भाषेत, बोलायचं तर पाच वॅट, आवाजात बोलायचं तर दहा, त्यावर जायचं नाही. घरातला साधा एलईडी बल्ब नऊ वॅटचा असतो, यावरून अंदाज घ्या. गंमत म्हणजे १९६१ साली हा क्लब निघाला तेव्हा मर्यादा शंभर वॅटची होती. तेव्हाच्या लोकांना तेवढीच काटकसर वाटत असणार. पुढच्या पिढ्यांनी ती पाचावर आणली, आणि आता पाच म्हणजे उधळपट्टी मानणारेही संमेलनाच्या हॉटेलात भेटतात. अर्ध्या वॅटवर युरोप गाठल्याचं एखादा असं सांगतो, जसं आमचे एक काका स्वारगेटहून चालत घरी आल्याचं सांगायचे. रिक्षा परवडत नव्हती म्हणून नव्हे, गरजच नव्हती म्हणून!

पुणेरी माणूस इथे रमणारच.

यात हट्ट आहे, पण निव्वळ वेडेपणा नाही. शंभर वॅटवरून पाचावर आलं तर फरक पडतो तेरा डेसिबलचा. समोरच्याच्या मीटरवर काटा जेमतेम दोन घरं खाली येतो. अँटेना धड असेल, रेडिओलहरी परत खाली वळवणाऱ्या आयनोस्फिअरची, म्हणजे वरच्या हवेतल्या थराची, मर्जी असेल आणि समोरच्याचे कान चांगले असतील, तर तो तुम्हाला ऐकणारच. वॅटमागे हजार मैल गाठणाऱ्याला क्लब प्रशस्तिपत्र देतो. वॅट मोजायचे, मैल मोजायचे, एकाला दुसऱ्याने भागायचं. आमच्याकडे भाजीवालीशी जो हिशेब चालतो तोच.

संमेलनाचा गुरुवार व्याख्यानांचा. सकाळपासून एकामागून एक वक्ते, हातात छापील पुस्तिका, फिल्टर आणि ऑसिलेटरच्या आकृत्या. खरं सांगायचं तर दुपारच्या जेवणानंतरचं व्याख्यान कितीही चांगलं असलं तरी माझं अर्धं झोपेत जातं. पण जॉर्ज डॉब्स बोलायला उभे राहिले की झोप उडायची. हे इंग्लंडमधले पाद्री. १९७४ साली त्यांनी तिकडे जी-क्यूआरपी क्लब काढला आणि ‘स्प्रॅट’ नावाचं त्याचं चिमुकलं त्रैमासिक वर्षानुवर्षं चालवलं. जे थोडक्यात होतं ते जास्त खर्चून करणं व्यर्थ, हे मध्ययुगीन तत्त्वज्ञ ऑकमच्या विल्यमचं वचन त्यांचं आवडतं. कीर्तनकारासारखं मध्येच एखादं आख्यान लावायचे, सगळ्यांना हसवायचे आणि परत दोन ट्रान्झिस्टरच्या रिसीव्हरवर यायचे. २०१९ साली ते गेले. ‘की’ म्हणजे मोर्स ठोकायची कळ; आमच्यात गेलेल्या माणसाला ‘सायलेंट की’ म्हणतात. २०२० आणि २०२१ साली हॅमव्हेन्शनच झालं नाही, आणि त्यानंतर भेटलो तेव्हा कॉफीच्या थर्मासपाशी पहिला अर्धा तास कोण सायलेंट की झालं याचीच चौकशी चालली होती.

पण जत्रा खरी भरते ती संध्याकाळी. हॉटेलच्या हॉलमध्ये लांबलचक टेबलं मांडलेली असतात आणि त्यावर लोकांनी वर्षभर घरी बसून केलेले सेट. पेपरमिंटच्या गोळ्यांच्या डबीत बसवलेला अख्खा ट्रान्समीटर-रिसीव्हर. ट्यूना माशाच्या डब्यावरचा दोन ट्रान्झिस्टरचा ट्रान्समीटर तर आता आजोबाच झालाय. डग डीमॉ यांनी अमेरिकेतल्या हॅम मंडळींच्या ‘क्यूएसटी’ मासिकात तो १९७६ साली दिला होता आणि अजूनही लोक मासे खाऊन डबे धुवून ठेवतात. टेबलामागे बसलेला माणूस बहुधा सत्तरीचा, डोळ्याला भिंग लावलेला, आणि त्याला एकच आशा असते की कुणीतरी थांबून झाकण उघडायला सांगावं. सांगितलंत की गेलात. टोरॉइडवर, म्हणजे तार गुंडाळायच्या कडीसारख्या गाभ्यावर, वेढे किती, तार कुठल्या गेजची, लाल रंगाचा गाभा का घेतला आणि पिवळा का नाही, सगळं ऐकून घ्यावं लागतं. मी आनंदाने ऐकतो.

असाच एकदा टेनेसीच्या एका आजोबांच्या टेबलापाशी थांबलो. उघड्या तांब्याच्या पाटीवर ‘बिटएक्स’ नावाचा, घरी जोडायचा ट्रान्समीटर-रिसीव्हर उभा केलेला. हैदराबादच्या अशहर फरहान यांचं हे डिझाइन. आपल्याकडे टोरॉइड सहज मिळत नाहीत, म्हणून त्यांनी मूळ आराखड्यात नळाच्या वायसरवर कॉइल गुंडाळली होती. आजोबांनी ती अक्षरशः तशीच केलेली. अमेरिकेत टोरॉइड चार दिवसांत घरपोच येतात, तरी हा गृहस्थ हार्डवेअरच्या दुकानात जाऊन वायसर घेऊन आला. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, ज्याने ज्या सामानात केलं त्याच सामानात करून बघायचं होतं. मग मला विचारलं, तू हैदराबादचा का? म्हटलं, नाही, पुण्याचा, पण तिथल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या बाजारात, ट्रान्झिस्टर मोजून घेत वाढलोय. तपकीर गल्ली म्हणजे काय, हे समजावण्यात पुढचा अर्धा तास गेला. तिथला दुकानदार गिऱ्हाइकाकडे न बघता पुडी कशी बांधतो, हे त्यांना फार आवडलं.

त्याच्या पुढच्या मेमध्ये मीही एक सेट मांडला. चाळीस मीटरच्या लहरींचा, क्रिस्टलवर चालणारा, हिंगाच्या जुन्या पत्र्याच्या डबीत. डबी आईच्या फडताळातली. साबणाने धुतली, उन्हात ठेवली, आतून घासली. पण हिंग तो हिंग. दहा मिनिटं मोर्स ठोकत राहिलं की शेवटचा ट्रान्झिस्टर तापायचा, त्याची उष्णता पत्र्यात उतरायची आणि टेबलाभोवती फोडणीचा दरवळ सुटायचा. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ दोनदा स्वतःचा सेट हुंगून आले. काहीतरी जळतंय अशी त्यांची खात्री पटली होती. बक्षीस मिळालं नाही. पण नंतरच्या वर्षी कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं माझं रेडिओ-नाव, विसरलेले लोकही मला वासावरून ओळखत होते.

शुक्रवार-शनिवारी दिवसा आम्हीही मोठ्या मेळ्यात जातो. पूर्वी तो हारा अरीनात भरायचा. २०१७पासून डेटनजवळच्या झीनिया गावच्या जत्रा-मैदानात गेला. त्या पहिल्या वर्षी पाऊस असा झाला की घोड्यांच्या शर्यतीच्या रिंगणातला जुना बाजार चिखलात रुतला होता. लोक घोट्यापर्यंत चिखलात उभे राहून पन्नास वर्षांपूर्वीच्या व्हॉल्व्हचा भाव करत होते. मी वीस डॉलरला एक जुनी मोर्स की घेतली. माझे तारखात्यातले काका तिला नक्की नावं ठेवतील असा तिचा खडखडाट आहे.

२०२४ची गंमत निराळी. संमेलनाच्या आदल्या आठवड्यात, १० मे रोजी, सूर्याने असं वादळ पाठवलं की मिशिगनमध्ये घराच्या अंगणातून ध्रुवीय प्रकाश दिसला. शेजारीपाजारी फोटो काढत होते आणि आम्ही रेडिओवाले कपाळाला हात लावून बसलो होतो. बँडवर, म्हणजे आम्हाला नेमून दिलेल्या लहरींवर, नुसती खरखर. आठवड्याने फेअरबॉर्नला, संमेलनाच्या हॉटेलात, जमलो तेव्हा प्रत्येकाकडे दोन-दोन गोष्टी होत्या. एक आकाशाच्या रंगाची, दुसरी बँड किती वाजता मेला याची. दुसरीच जास्त रंगवून सांगितली जात होती.

रात्री हॉटेलमागच्या हिरवळीवर कुणीतरी मासे धरायची लांब काठी उभी करतं, तिला वायर बांधतं आणि चार खुर्च्या येतात. मी भाकरवडीचा पुडा नेतो. एका रात्री एक अनोळखी गृहस्थ की वाजवायला बसले आणि पाच-सहा अक्षरांतच मी म्हणालो, तुम्ही व्हर्माँटचे. ‘क्यू’ काढताना शेवटची रेघ लांबवायची त्यांची खोड वर्षभर रेडिओवर ऐकलेली. चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. निघताना आम्ही एकमेकांना ‘बहात्तर’ म्हणतो. बाकीचे हॅम निरोपाच्या शुभेच्छांसाठी ठरलेला आकडा म्हणून त्र्याहत्तर म्हणतात. आम्ही तिथेही एक वाचवतो.

गेली काही वर्षं लेकही सोबत येते. पहिल्यांदा आली ती हॉटेलात पोहण्याचा तलाव आहे म्हणून. मग किट जोडायच्या वर्गात बसली, आणि माझ्यापेक्षा तिचे सोल्डरचे जोड चकचकीत निघाले. पस्तीस प्रश्नांची परीक्षा देऊन तिने परवाना काढला. मोर्सची अट अमेरिकेत २००७ सालीच गेली, तरी शिकली. माझी छाती फुगली ती दोनच महिने. कारण आता तिचं म्हणणं, पाच वॅटवर घसा कोरडा करत कोण बसेल, बाबा, मला शंभर वॅटचा सेट हवा. अमेरिकेत वाढलेली मुलगी, दुसरं काय. मी पन्नासावर तडजोड सुचवली आहे. तिचा वाढदिवस ऑगस्टात आहे, तोवर बोलणी चालू राहतील.