कॅप्टॉन झालं, आता करवंटी

लेझरने ग्राफीन (कार्बन अणूंच्या षटकोनी जाळीचा पातळ थर, वीज वाहून नेणारा) काढायचा उद्योग बराच पुढे सरकलाय, म्हणून ही नोंद. नव्यांसाठी थोडक्यात: कॅप्टॉनवर, म्हणजे पॉलिइमाइड या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या फिल्मवर, कार्बन डायऑक्साइड लेझर फिरवला की त्या रेघेवर काळा, मखमली थर फुगून वर येतो. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ जेम्स टूर यांच्या गटाने 2014 मध्ये हे दाखवलं. किरण पडतो तिथे क्षणभर प्रचंड उष्णता होते, ऑक्सिजन-नायट्रोजन वायू होऊन निघून जातात आणि मागे राहिलेला कार्बन षटकोनी जाळीत बसतो. मधूनमधून पंचकोन-सप्तकोनही असतात. गाइम आणि नोव्होसेलोव्ह या भौतिकशास्त्रज्ञांनी ग्रॅफाइटवरून चिकटपट्टीने सोललेला एका अणूच्या जाडीचा पापुद्रा तो हा नव्हे. हा अनेक थरांचा, सच्छिद्र फेस आहे.

मिक्सरमध्ये ग्रॅफाइट आणि भांड्यांचा साबण फिरवून काळ्या पाण्याचे फोटो ग्राफीन म्हणून टाकणारेही आपल्यात आहेत. पद्धत खरी आहे, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजकडून 2014 मध्येच ती प्रसिद्ध झाली. पण तिथे नंतर सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून जड कण तळाशी बसवणारं यंत्र) लावून न सुटलेलं ग्रॅफाइट वेगळं काढतात. ते न करता नुसतं काळं पाणी दाखवलं, तर मी त्याला ग्रॅफाइटचं पाणीच म्हणेन.

साहित्य मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातलं. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तो कॅप्टॉन टेप सहज मिळतो, पण फिल्म जेमतेम 25 मायक्रॉन. लेझर आरपार जातो, खालचा सिलिकॉन गोंद जळतो आणि कडा वळतात. 125 मायक्रॉनचा शीट शोधा, महाग पडला तरी. लेझर साकीनाक्याच्या एका गाळ्यात, एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीच्या) पाट्या कापणारा. तिथल्या पोराने पहिल्या रेघेलाच हात बटणावर ठेवला. "दादा, जळतंय हे!" म्हटलं, जळू दे, फक्त पॉवर कमी कर आणि धूर ओढणारा पंखा चालू ठेव. (पीव्हीसी मात्र चुकूनही लेझरखाली घालू नका, हायड्रोजन क्लोराइड सुटतो. माणूसही खराब, मशीनही.)

आता मोजमाप. साध्या मल्टिमीटरची टोकं टेकवली की मीटर टोकांचा स्पर्शरोधही त्यात मिळवतो, आणि या भुसभुशीत थरावर तो भरपूर असतो. टोक थोडं दाबलं की आकडा खाली येतो, जास्त दाबलं की थरच खरवडून निघतो. म्हणून चार टोकांची पद्धत. 5 मिलिमीटर रुंद पट्टी काढली, बाहेरच्या दोन टोकांतून 10 मिलिअँपिअर सोडले, आतली दोन टोकं 20 मिलिमीटर अंतरावर ठेवली. म्हणजे मध्ये 5 मिलिमीटर बाजूचे चार चौकोन. आतल्या टोकांवर 1.6 व्होल्ट आले. म्हणजे 160 ओहम, भागिले चार, 40 ओहम प्रति चौकोन (पातळ थराचा रोध असाच, एका चौकोनामागे सांगतात). टूर यांच्या गटाने 15 च्याही खालचा आकडा दिलाय, तेव्हा अजून वाव आहे. थरावर फुंकर मारली तरी आकडा हलतो, आणि पावसाळ्यातल्या मुंबईत तर रोज वेगळा दिसेल. तेव्हा खोलीची आर्द्रता लिहून ठेवल्याशिवाय आकड्यांची तुलना करू नका.

करवंटीची गंमत निराळी. 2018 मध्ये त्याच गटाने नारळ, पाव, बटाट्याची साल अशा वस्तूंवर ग्राफीन काढून दाखवलं. एका फेरीत नुसता कोळसा होतो. त्याच जागेवर पुन्हा लेझर गेला की कोळशाचं ग्राफीन होतं. किरणाचा फोकस जरा वर उचलला, तर ठिपके मोठे होऊन एकमेकांवर चढतात आणि एकाच फेरीत ते काम होतं. करवंटीत लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ) भरपूर, म्हणून ती सोयीची. बाहेरचा काथ्या काढून पॉलिश पेपरने घासली, पण गोलाई जात नाही, त्यामुळे मध्यभागी रेघ तुकतुकीत काळी आणि कडेला करपट तपकिरी. मध्यभागी सुमारे 200 ओहम प्रति चौकोन मिळाले. कडेच्या तपकिरी भागात वीज जवळपास वाहतच नाही. तो भाग अजून कोळसाच असावा. पक्कं सांगायला रमन वर्णपट (नमुन्यावरून विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून पदार्थ ओळखायची पद्धत) हवा: 1580 प्रति सेंटिमीटरजवळचं ग्राफीनचं जी शिखर, 2700 जवळचं 2डी, आणि जाळीतल्या दोषांचं 1350. कोणाच्या प्रयोगशाळेत नमुना ठेवता आला तर कळवा.

पुढच्या फेरीत कॅप्टॉनवर एकमेकांत गुंतलेल्या बोटांसारखे इलेक्ट्रोड काढून, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि फॉस्फरिक आम्लाचं जेल ओतून सुपरकपॅसिटर (वीज पटकन साठवणारा आणि सोडणारा घटक) करणार आहे. बोटांमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या खाली नेली की दोन्ही बाजू शॉर्ट होतात, तेव्हा आधी तिथे लेझरचा वेग वाढवून पाहतो.