बाहाचा प्रवासपट: दुसऱ्या संकलनाची नोंद

फेब्रुवारीत भावाच्या मोटरहोममधून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया या वाळवंटी द्वीपकल्पाचा जो प्रवास केला, त्याच्या चित्रफितीचे दुसरे संकलन या आठवड्यात निम्म्यापर्यंत आले आहे. पहिल्या संकलनातला दोष आईने दाखवून दिला. बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरी तिला तो पट दाखवताना वाटेतल्या कातावीन्या या वस्तीजवळच्या निवडुंगांवरून दृश्य थेट देवमाशांवर गेले आणि तिने विचारले, "एवढ्यात पोचलासा होय?"

त्या टप्प्याला प्रत्यक्षात आमचा अख्खा दिवस गेला होता. तिहुआना ते काबो सान लुकास हा सुमारे १,७०० किलोमीटरचा महामार्ग १९७३ साली पूर्ण झाला. त्यावर एल रोसारिओ सोडले की गेरेरो नेग्रोच्या परिसरापर्यंत जवळजवळ ३०० किलोमीटर खात्रीचा पेट्रोल पंप नाही, कातावीन्याला तेवढे पिंपातले पेट्रोल मिळते. बेळगावात टाकी भरून निघावे आणि पुणे जवळ येईपर्यंत पंप दिसू नये, असे हे अंतर आहे. रस्ता अरुंद असून बऱ्याच ठिकाणी त्याला साइडपट्टीच नाही, त्यामुळे समोरून ट्रक आला की भाऊ वेग कमी करून पांढऱ्या रेषेवरच नजर ठेवत असे. हे अंतर प्रेक्षकाला जाणवले नाही, तर पुढचे काहीच जाणवणार नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. म्हणून काचेतून घेतलेले २ मिनिटे ४० सेकंदांचे एक दृश्य आता मी न कापता ठेवले आहे. त्यात निवेदन नाही आणि संगीतही नाही. कोरड्या ओढ्यांच्या उतारांवर गाडी खाली जाऊन वर येते, तेव्हा मागच्या कपाटातली भांडी वाजतात, तेवढाच आवाज राहू दिला आहे.

त्यानंतर येते सिरिओचे झाड. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ देवळात लावायची उंच मेणबत्ती असा होतो. आईला मात्र तो उलटा रोवलेला मुळा वाटला, आणि तीच उपमा मी निवेदनात घेतली आहे. बुंध्याशी जाड, वर निमुळते होत गेलेले हे झाड कोरड्या दिवसांत पाने गाळते आणि पाऊस पडताच पुन्हा पालवते. सकाळच्या तिरप्या उन्हात बुंध्यावरच्या काटेरी काड्यांना इवलीशी हिरवी पाने फुटलेली दिसली, तो क्षण जवळून टिपता आला, याचा मला फार आनंद आहे.

निवेदनाचे ध्वनिमुद्रण मात्र रखडले आहे. वाऱ्याची किंवा इंजिनाची घरघर खालच्या कंप्रतांत असल्यामुळे फिल्टरने बरीच कापता येते. कौलांवरच्या पावसाचा आवाज सर्व कंप्रतांत पसरलेला असतो, तो काढू गेले की माणसाचा आवाजही पोकळ होतो. आमच्याकडे जुलैत पाऊस थांबण्याची वाट पाहणे कठीण, म्हणून मधल्या खोलीत दोन वाकळा टांगून पहाटे पाचला, उघडीप मिळेल तेव्हा, दोन-दोन परिच्छेद वाचतो आहे. अशीच कामे करणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते: मुक्कामाच्या प्रत्येक जागी, कोणी न बोलता, किमान एक मिनिट नुसती शांतता मुद्रित करून ठेवावी. कातावीन्याला घेतलेली तशी शांतता आता माझ्या वाक्यांमधले सांधे जुळवते आहे.

२८ व्या अक्षांशाच्या दृश्याला अजून न्याय मिळालेला नाही. तेथे राज्याची हद्द बदलते आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे जाताना घड्याळ एक तास पुढे करावे लागते. सीमाभागात वाढल्यामुळे त्या रेषेपाशी मी बराच वेळ रेंगाळलो, पण चित्रीकरणात तिथला मोठा ध्वज आणि वाहनांची रांग एवढेच आले आहे.

ओहो दे लिएब्रे, म्हणजे सशाचा डोळा, या खाडीतला भाग शेवटी घेईन. बेरिंगच्या थंड समुद्रापासून हिवाळ्यात येथे विणीसाठी उतरणारे करडे देवमासे १२ ते १५ मीटर लांब असतात, आणि आमचे मोटरहोम साडेसात मीटरचे. लहान होडीच्या कडेशी मादी वर आली, तेव्हा तिच्या पाठीवर घट्ट चिकटलेले पांढरे बार्नेकल, म्हणजे कवचधारी छोटे जीव, स्पष्ट दिसत होते. तो तुकडा ११ सेकंदांचा आहे. त्यापूर्वी होडीत आम्ही तासभर वाट पाहिली होती, आणि त्या तासातले नेमके किती ठेवायचे, हे या रविवारी आईला पुन्हा समोर बसवून ठरवणार आहे.